शृंगारिक कथा-कविता वाचल्यावर लेखकाला प्रतिसाद कसा द्यावा

शृंगारिक कविता किंवा कथा लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, वाचक काय कळवतात म्हणून. बहुतेक वाचक वाचतात आणि गप्प बसतात. काही जण ‘आग लावलीत’ अशा थाटाचं एखादं वाक्य पाठवतात. उरलेले विचारतात, ‘हे खरं घडलंय का?’ लिहिणारी बाई असेल तर या प्रश्नाला आणखी फाटे फुटतात. मग ती पुढची कविता लिहीत नाही, किंवा लिहिली तरी कुणाला दाखवत नाही. या सगळ्यात मजकुराबद्दल एक अक्षरही नसतं. कुठली ओळ जमली, कुठे ताण सुटला, दोघांमधली ओढ कुठे खरी वाटली, हे लेखकाला वाचकाकडूनच कळू शकतं. पुण्यात कविता ऐकणारे, दिवाळी अंक वाचणारे लोक पुष्कळ आहेत, पण विषय शृंगाराचा निघाला की चांगल्या वाचकांचीही जीभ जड होते. ती मोकळी कशी करायची, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे वाचणं आणि त्यावर बोलणं मराठी मुलखाला नवीन नाही. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती, म्हणजे सातशे छोट्या कवितांचा (गाथांचा) जुना संग्रह, हाल या सातवाहन राजाच्या नावावर आहे. तिच्यात गोदेकाठची शेतं आहेत, चोरून भेटणारे प्रेमिक आहेत, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. स. आ. जोगळेकरांनी सिद्ध केलेली तिची मराठी आवृत्ती १९५६ साली पुण्यातूनच निघाली. मंगलाचरणानंतरची दुसरीच गाथा विचारते की, अमृतासारखं प्राकृत काव्य ज्यांना वाचता-ऐकता येत नाही आणि तरीही जे कामतत्त्वाची चर्चा करत बसतात, त्यांना लाज कशी वाटत नाही? लाज वाटायची ती नीट वाचता येत नाही याची. शृंगारावर प्रतिसाद लिहायला बसताना मी हे कायम समोर ठेवतो.

लेखकाला काय हवंय ते विचारा

हे एका ओळीत होतं. ‘छापायला देण्याआधी कच्चं दाखवताय, की नुसतं वाचायला दिलंय?’ कच्चं दाखवलं असेल तर दुरुस्त्या चालतात, नुसतं वाचायला दिलं असेल तर नकोशा वाटतात. शृंगारिक लेखन दाखवताना माणूस इतर कुठल्याही लेखनापेक्षा जास्त उघडा पडलेला असतो. म्हणून हा प्रश्न टाळू नका.

दोनदा वाचा, आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं

पहिलं वाचन एकट्यानं करा. स्वारगेटच्या गर्दीत, बसमध्ये उभ्याउभ्या फोनवर करू नका. शेजारचा डोकावतोय की काय, या धास्तीनं अर्धं लक्ष जातं आणि मजकूर होता त्याहून भडक वाटायला लागतो. पहिल्या वाचनात काहीही टिपू नका. अंगावर काटा आला, हसू आलं, अवघडल्यासारखं झालं, जे होईल ते होऊ द्या.

मध्ये एखादी रात्र जाऊ द्या. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा खोलीचं दार लावून मोठ्यानं वाचा. शृंगारात लय फार काम करते. ओळ कुठे रेंगाळते, कुठे धाप लागते, श्वास कुठे अडतो, हे कानालाच कळतं. गणेश पेठेतल्या आर्यभूषण थिएटरात लावणी ऐकलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी तिचा अर्थ थोडा सरकतो. कवितेतली तीच ओळ डोळ्यांनी नुसती चाळली तर ‘पुनरुक्ती’ म्हणून तुम्ही तिच्यावर काट मारून मोकळे व्हाल.

कोण, कुणाला, कधी म्हणतंय?

ही युक्ती गाथांच्या जुन्या टीकाकारांची आहे. गंगाधरासारखे टीकाकार गाथेचा अर्थ सांगण्याआधी प्रसंग सांगतात: दूती नायकाला म्हणते आहे, सखी सखीला म्हणते आहे, नायिका सासूला ऐकू जाईल अशा बेतानं वाटसरूला सांगते आहे. बोलणारा आणि ऐकणारा बदलला की साधं शेताचं वर्णनही भेटीच्या जागेची खूण होऊन बसतं. समोरच्या कवितेला हेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. उत्तर सापडलं नाही तर तेही लेखकाला कळवण्याजोगं आहे. ‘तिसऱ्या कडव्यात बोलणारं माणूस बदललं असं मला वाटलं, तसं आहे का?’ इतकं विचारलं तरी लेखकाच्या हाती काहीतरी पडतं.

याच्याच जोडीनं पाहा की हा मीलनाचा शृंगार आहे की विरहाचा. काव्यशास्त्रानं संभोग (मीलन) आणि विप्रलंभ (विरह) असे शृंगाराचे दोन भेद सांगितले, आणि ही वाटणी वाचकाच्या आजही कामाची आहे. विरहाच्या कवितेकडून भेटीची अपेक्षा ठेवणारा वाचक ‘शेवटी काहीच झालं नाही’ अशी तक्रार करतो. काहीच झालं नाही, हाच तर त्या कवितेचा विषय असतो.

नेमक्या जागेवर बोट ठेवा

खरं काम इथे आहे, म्हणून उदाहरणच घेऊ. समजा, कुणी तुम्हाला या ओळी पाठवल्या (या लेखासाठीच रचल्या आहेत):

वाड्याच्या जिन्यावर वीज गेली.
तू वरच्या पायरीवर, मी खालच्या.
मेणबत्ती शोधू या, म्हणालास.
जागचं कुणीच हललं नाही.
मग उसळला देहांचा सागर,
वासनेच्या लाटांत विरघळलो आपण.

‘सुंदर! थेट मनाला भिडलं’ हा प्रतिसाद नाही, पोचपावती आहे. ‘जरा जास्तच झालं’ हाही प्रतिसाद नाही, कारण काय जास्त झालं आणि कुठे, ते त्यातून कळत नाही. मी असं लिहीन:

‘पहिल्या चार ओळींत कुणी कुणाला हातही लावत नाही, तरी सगळा ताण तिथेच आहे. तो मला दोन पायऱ्यांमधल्या अंतरानं जाणवला. मेणबत्तीची सबब आणि त्यानंतरचं न हलणं या जागी माझा श्वास अडकला. पाचव्या ओळीत मात्र जिना नाहीसा झाला. सागर आणि लाटा कुठल्याही दोन माणसांच्या असू शकतात, पण ती पायरी या दोघांचीच होती. पुढचं सांगायचंच असेल तर ते जिन्यावरच सांगता येईल का? कठडा, अंधार, वरच्या मजल्यावर कुणाची तरी चाहूल?’

यात काय काय आलं ते पाहा. कुठली ओळ, ते आलं. त्या ओळीनं वाचणाऱ्याला काय झालं, ते संकोच न करता पण मोजक्या शब्दांत आलं. मग त्याचं कारण मजकुरातच शोधलं. शेवटी सूचना आली, तीही प्रश्नाच्या रूपात. नवी ओळ रचून दिली नाही, कारण ओळ लेखकाचीच असायला हवी.

‘मला काय झालं’ हे किती सांगायचं, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझं मत स्पष्ट आहे. मजकुराचा परिणाम सांगा, स्वतःच्या शय्यागृहाचा वृत्तांत देऊ नका. ‘इथे अंगावर शहारा आला’ यातून लेखकाला लेखनाबद्दल कळतं. त्यापुढचा तपशील त्यानं मागितलेला नसतो, आणि तो वाचावा लागणं हा त्याच्यावर अन्याय असतो.

अवयवांच्या नावांकडेही लक्ष द्या. मराठीत ती एक तर दवाखान्यातली वाटतात, नाहीतर शिवीतली. प्रत्येक लेखक इथे ठेचकाळतो. एखादा शब्द खटकला तर ‘हा शब्द घाण आहे’ असं म्हणू नका. ‘हळुवार चाललेल्या परिच्छेदात हा शब्द तपासणीच्या खोलीत घेऊन गेला’ असं म्हणा. लेखकाला तोच परिणाम हवा असेल, तर तो तसं सांगेल.

‘हे खरं घडलंय का?’ विचारू नका

कुठल्याही निमित्तानं नको. थट्टेत नको, काळजीनं नको, ‘तुझे यजमान काय म्हणाले?’ असा आडून तर मुळीच नको. पेशवाईच्या अखेरच्या काळात राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी बाईच्या तोंडी लावण्या लिहिल्या. तिची वाट पाहणं, रुसणं, अंगाची लाही होणं, सगळं लिहिलं. हे तुमच्यावर गुदरलं का, असं त्यांना कुणी विचारत नाही. पुरुषांच्या बाबतीत जे आपल्याला दोनशे वर्षांपासून समजतं, ते आजच्या कवयित्रीच्या बाबतीतही समजायला हवं. कवितेतला ‘मी’ हे पात्र आहे. प्रतिसाद लिहिताना ‘तू’च्या जागी ‘कवितेतली ती’ किंवा ‘निवेदक’ लिहायची सवय लावा. एवढ्यानंच निम्मे अवघड प्रसंग टळतात.

टोपणनावानं लिहिणाऱ्या माणसाला टोपणनावानंच उत्तर द्या. तो कोण हे तुम्ही ओळखलं असेल, तर ते स्वतःपाशी ठेवा. पुण्यात साहित्याचं वर्तुळ लहान आहे. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेच्या आवारात सहज बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या कचेरीत पोचलेलं असू शकतं.

आवडलं नाही, तर

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: ही माझी आवड नाही; हे लेखन म्हणून जमलेलं नाही; हे अश्लील आहे. आपल्याकडे पहिलीवरून उडी थेट तिसरीवर जाते. ती किती महाग पडते, याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर पुण्याच्या न्यायालयात अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयानं लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं कथा संपूर्ण वाचून त्याला निर्दोष ठरवलं. एका दिवाळी अंकातल्या कथेपायी इतकी वर्षं गेली. कथा थोर आहे की सामान्य, हा वेगळा प्रश्न होता आणि तो वाचकांनी सोडवायचा होता.

आवड नसेल तर एका ओळीत तसं सांगा आणि थांबा. लेखन जमलं नसेल, तर वरच्या उदाहरणासारखं जागा दाखवून सांगा. कथेत तिचा नकार आहे आणि निवेदक त्याला लाडिकपणा समजून पुढे जातोय असं दिसलं, तर गप्प राहू नका. प्रश्न मजकुरालाच विचारा: ‘तिला हे हवंय, हे मला कुठेच दिसलं नाही. निवेदकाला ते दिसत नाही हे लेखकाला दाखवायचंय, की लेखकाच्याही नजरेतून ते सुटलंय?’ यातली पहिली शक्यता खरी असेल तर ती कथा कदाचित फार चांगली असेल. मुलांना लैंगिक वस्तू बनवणारा मजकूर समोर आला, तर मात्र त्यावर वाङ्मयीन चर्चा करू नका. वाचणं थांबवा आणि तो पुढे पाठवू नका.

परीक्षणाला उत्तर देताना

शृंगारिक पुस्तकाच्या परीक्षणावर चिडून उत्तर लिहिण्याआधी मूळ पुस्तक वाचा. नुसतं परीक्षण वाचून वाद घालणारे लोक परीक्षकाच्या चारित्र्यावर घसरतात, कारण बोलायला दुसरं काही हाताशी नसतं. पुस्तक वाचलं असेल, तर परीक्षकानं दिलेलं उद्धरण मूळ पानावर काढून आजूबाजूची दोन पानं पाहा. शृंगारिक मजकुरातलं एक वाक्य उचललं की ते हमखास मूळच्यापेक्षा उघडं दिसतं. असं झालं असेल, तर ‘या वाक्याआधी दोघांमध्ये अमुक बोलणं होतं, ते वगळल्यानं अर्थ बदलला’ एवढंच लिहा. हे उत्तर परीक्षकालाही नाकारता येत नाही.

पाठवण्यापूर्वी

लिहिलेलं एकदा त्या माणसाच्या जागी बसून वाचा. त्यात लेखकाचं शरीर, रूप, वय, लग्न यांबद्दल एखादा शब्दही असेल तर तो काढा, तो कौतुकाचा असला तरी. ‘भेटून बोलू’ हेही काढा. शृंगारावरच्या प्रतिसादाला जोडून आलेलं निमंत्रण, तुमचा हेतू कितीही सरळ असो, वेगळंच ऐकू येतं. फक्त तुम्हाला दिलेलं लेखन फक्त लेखकालाच परत करा. मोठ्या गटात पाठवायचं असेल, तर आधी लेखकाला विचारा आणि गटात अठराच्या आतलं कुणी नाही याची खात्री करा. कामुक मजकूर फोनवरून किंवा जालावरून पाठवणं, प्रसिद्ध करणं यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमं आहेत. साहित्य आणि कलेसाठी त्यांत सूट असली, तरी ती मागायला न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. दुसऱ्याला तिथवर नेण्याचा हक्क आपल्याला नाही.

पाठवल्यावर उत्तराची वाट पाहत बसू नका, ‘वाचलंत का?’ असं विचारूही नका. काही आठवड्यांनी सुधारलेला खर्डा तुमच्याकडे आला, तर जुना बाजूला ठेवून तो नव्यानं वाचा, पहिल्यांदा एकट्यानं आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं.