सीतेचा अशोक लावायचाय? आधी पान बघून घ्या

बडोद्यात नर्सरीत जाऊन ‘अशोक द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात आसोपालव पडतो. दाराच्या तोरणाचा, सरळसोट वाढणारा. मीही फसले. गोत्रीला राहायला आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात हौसेनं आणलेलं रोप दोन वर्षांत खांबासारखं वर गेलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आसोपालव. अष्टमीला कळ्या कुठून आणणार?” चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या खायची आमच्याकडे रीत आहे.

म्हणून पहिलं काम, पान बघणं. आसोपालवाचं पान एकेकटं, लांबट आणि कडेला लाटा असलेलं. सीतेच्या अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या ४ ते ६ जोड्या समोरासमोर असतात. नावाच्या पाटीवर जाऊ नका.

मग जागा. हे झाड मूळचं सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं, मोठ्या झाडांच्या सावलीतलं. आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्याला सोसत नाही. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला लावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली पडेल. भिंतीपासून १० फूट तरी सोडा. पसारा गोल आणि दाट होतो.

खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्या, २ फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल. आपली काळी माती पावसात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. उपसलेली माती निम्मी घ्या, उरलेल्या निम्म्यात जुनं शेणखत आणि जाडी रेती. तळाला विटांचे तुकडे घालायचा सल्ला सगळे देतात, मला त्याचा उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचवट्यावर बसवा, म्हणजे पाणी बुंध्याशी साचणार नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की संध्याकाळी लावायचं. पिशवी फाडताना मुळांचा गोळा फुटू देऊ नका.

पुढची दोन-तीन वर्षं पाणी हेच मुख्य काम. बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर द्या, ओलं लागलं तर राहू द्या. उन्हाळ्यात एक दिवसाआड लागतंच. बोअरचं पाणी क्षारी असेल तर पानांची टोकं करपतात, मग शक्य तेव्हा नळाचं द्या. बुंध्यापासून वीतभर सोडून पालापाचोळ्याचा जाड थर घाला. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूनं हिरवी जाळी बांधा. खताचं म्हणाल तर पावसाच्या तोंडाशी दोन घमेली शेणखत पुरे.

आता नवख्यांची गाळण उडवणारी गोष्ट. कोवळी पानं तांबूस-जांभळी येतात आणि ओल्या रुमालासारखी खाली लोंबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झाड गेलंच असं वाटून मी बादलीभर पाणी ओतलं होतं. काही करू नका. आठ-दहा दिवसांत ती हिरवी होऊन ताठ होतात. काळजी करायची ती जुनी, गडद पानं मलूल झाली तर.

फुलाला सहा-सात वर्षं लागतात, आणि ती धरायची तयारी हवी. माघ ते चैत्र हा बहर. घोस जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर फुटतात, म्हणून कात्री हातात घेऊन झाडाला आकार देत बसू नका. वाळकं तेवढंच काढा. फूल जवळून बघा. त्याला पाकळ्या नसतातच, रंग असतो तो चार निदलांचा, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले. उमलताना पिवळसर केशरी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात सगळ्या छटा दिसतात. वास मंद, संध्याकाळी जास्त जाणवणारा.

शेंगा चपट्या, जांभळट. त्या काळ्या पडून तडकू लागल्या की बी लगेच रात्रभर भिजवून सावलीतल्या पिशवीत पेरा. डब्यात घालून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी उगवत नाही.