आधी लॉग, मग बाटली

गेल्या शनिवारी खानापूरकडचा एक पोरगा पोलो जीटी टीएसआय घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या गॅरेजात आला. डिकी उघडली तर आत ऑक्टेन बूस्टरच्या, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला टाकीत ओतायच्या रसायनाच्या, आठ बाटल्या, पाहुण्यांकडं न्यायला कुंद्याचे डबे घ्यावेत तशा ओळीनं मांडलेल्या. "मामा, चोर्ल्याच्या चढाला गाडी ओढेना झालीय. यातल्या दोन ओतून झाल्या, काय फरक नाही की वो." बाटल्या राहू देत म्हटलं, बोनेट उघड. टर्बोकडून मॅनिफोल्डला हवा नेणारा पाईप जोडाजवळ तेलानं ओला झाला होता. हात लावला तर क्लॅम्प सैल. बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, तिथनंच पळत होतं. काम दहा मिनिटांत झालं, पण बूस्टरचा हा विषय घेऊन रोज कोणीतरी दारात येतंच, म्हणून एकदा लिहून काढतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण लिटरमागची उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश. ऑक्टेन सांगतो ते एवढंच, की हे इंधन दाब आणि उष्णता किती सोसेल, ठिणगीची वाट न बघता पेटेल की थांबेल. टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, सिलिंडरमध्ये ती आणखी दाबली जाते. प्लगपासून ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं की नॉक. जुन्या गाड्यांत डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. हल्ली आपल्याला ऐकू यायच्या आधी ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो. टायमिंग मागं गेलं की ताकद गेली. कंपनीच्या मॅपवर, म्हणजे ईसीयूत भरलेल्या मूळ सेटिंगवर, चालणाऱ्या गाडीत जास्त ऑक्टेन परत देतो ती मुख्यतः ही गेलेली ताकद. ईसीयूनं काही काढूनच घेतलं नसेल तर बाटली परत काय देणार?

म्हणून पहिलं काम, पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. त्यावर गाडीला किमान किती आरओएन, म्हणजे ऑक्टेनचं आपल्याकडचं माप, लागतो ते लिहिलेलं असतं. आपल्या पंपावरचा आकडाही आरओएनच. अमेरिकेतले व्हिडिओ बघून येणारी पोरं इथं फसतात. तिकडचा ९३ हा दोन चाचण्यांच्या सरासरीचा आकडा, आपल्या मापात तो ९८ च्या जवळ जातो. दुसरं, आपलं साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पूर्वी किमान ९१ होतं, ई२० च्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या, मानकात किमान ९५ आहे. त्यामुळं पाच वर्षांपूर्वी बूस्टरनं फरक पडलेल्या गाडीत आज तो पडेलच असं नाही. मात्र २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ऑक्टेनची चिंता सोडून आधी पेट्रोलचे रबरी पाईप आणि सील बघून घ्या.

आता लॉग, म्हणजे गाडी चालत असताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद. ते आकडे वाचणारं एक ओबीडीचं यंत्र आणि फोन पुरतो, फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर असेल तर उत्तम. आरपीएम, बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि प्रत्येक सिलिंडरचं मागं घेतलेलं टायमिंग, एवढं नोंदवा. इंजिन पूर्ण तापलेलं पाहिजे. मी पहाटे तवंदी घाटाचा चढ वापरतो. तिसरा गियर, दोन हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, चार हजाराला पाय काढायचा. वेग मर्यादेत राहतो आणि चढामुळं लोड पुरेपूर मिळतो. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघायचं नाही. असं तीनदा. त्याहून जास्त काही बघायचं असेल तर डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र, शोधा, हायवे नव्हे.

आकडे कसे वाचायचे? इकडं दोन अंश, तिकडं तीन, मध्येच शून्य, असं विखुरलेलं दिसलं तर इंजिन धडधाकट आहे. चारही सिलिंडर एकदम पाच-सहा अंश मागं जाऊन तिथंच बसत असतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला हवा तापेल तसं वाढत असेल, तर गाडी ऑक्टेन मागतेय किंवा गारवा मागतेय. इंटरकूलरमध्ये चिखल, किडे भरलेत का तेही त्याच वेळी बघा. आणि एकच सिलिंडर मागं जात असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका. तिथं प्लग, इंजेक्टर किंवा कुठला तरी सुटा ब्रॅकेट खडखडत असतो, सेन्सर त्यालाच नॉक समजतो. असा एक ब्रॅकेट सापडेपर्यंत एका गिऱ्हाईकानं चार टाक्या प्रीमियम जाळलं होतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळं ठरलेलं बूस्ट गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. तेव्हा इथला लॉग आणि पणजीचा लॉग शेजारी ठेवून भांडू नका. तुलना करायची तर तोच चढ, तीच वेळ.

लॉगमध्ये खरंच टायमिंग जात असेल तर पुढची पायरी पंप आहे, बाटली नाही. ९५, ९७, १०० अशी पेट्रोलं कंपन्या विकतात. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, पण ते सगळ्या पंपांवर नसतं आणि लिटरला दीडशेच्या वर जातं. म्हणून मिसळायचं. हिशेब साधा आहे. पंचवीस लिटर ९५ आणि पंधरा लिटर १०० घातलं तर चाळीस लिटरचं जवळजवळ ९७ होतं. टाकी पाव उरल्यावरच बदला, नाहीतर जुन्या पेट्रोलची भेसळ आपणच करतो. ईसीयूला जुळवून घ्यायला शंभरेक किलोमीटर द्या. इथनं संकेश्वरला जाऊन आलात की झालं. मग पुन्हा तोच चढ. आकडे सुधारले नाहीत तर त्या पेट्रोलचा पंप सोडा आणि नेहमीचं भरा.

आता बाटलीकडं येऊ. लेबलवर "३० पॉइंट वाढ" लिहिलेलं असतं. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. म्हणजे ९५ चं १२५ होत नाही, फार तर ९८, तेही लेबल खरं असेल तर. मात्रा दुप्पट केली म्हणून वाढ दुप्पट होत नाही, उरतो तो कचरा. आत काय आहे हे छापलं नसेल तर हात लावू नका. मँगनीजवालं एमएमटी असेल तर प्लगवर नारिंगी थर चढतो आणि जास्त वापरलं तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) चोंदतो. फेरोसिन असेल तर लोखंड.

फेरोसिनचा धडा मी स्वतः घेतलाय. माझी लॉरा टीएसआय होती तेव्हा एका दुकानदारानं बिनलेबलची बाटली दिली, "रेसवाले हेच वापरतात" म्हणाला. मीही शहाणा, तीन टाक्या घातली. रात्री कोल्हापूरला निघालो तर वंटमुरीचा घाट उतरून हत्तरगी टोलनाक्याच्या अलीकडं गाडी आचके द्यायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. बाजूला घेतली, इंजिन गार होईस्तोवर थांबलो आणि फोनच्या उजेडात प्लग काढला. आतली पांढरी चिनीमाती खानापुरी कौलासारखी लालभडक झालेली. नखानं खरवडलं तर निघेना. तो थर लोखंडाच्या गंजाचा, तापला की वीज वाहतो. ठिणगी टोकावर पडायच्या ऐवजी चिनीमातीवरूनच सरकून जमिनीला मिळत होती. चार प्लग आणि एक ऑक्सिजन सेन्सर गेला. दुकानदाराकडं गेलो तर तो म्हणे मात्रा जास्त झाली असेल.

बाटली वापरायचीच तर आधी बाटली, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळून निघतं. हातमोजे घाला, काहींत अ‍ॅनिलिनच्या जातीचं रसायन असतं, ते कातडीतून अंगात जातं. पेंटवाल्याकडचा थिनर टोल्युइन समजून ओतू नका. शुद्ध टोल्युइनचा ऑक्टेन १२० च्या आसपास असतो हे खरं, पण थिनरच्या डब्यात आणखी काय काय आहे ते डबेवाल्यालाच माहीत.

रेस फ्युएल ही वेगळीच जात. त्यात पहिला प्रश्न शिसं आहे की नाही. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, ट्रॅकसाठीच्या काही इंधनांत अजून असतं. ते इंजिनात गेलं की ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट मेले समजा, आणि धूर आपल्याच नाकात. दुसरा प्रश्न, इंधनात ऑक्सिजन किती. साध्या पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९, ई८५ ला (पंच्याऐंशी टक्के इथेनॉल) १० च्या जरा खाली. म्हणजे तेवढ्याच हवेला ई८५ जवळजवळ निम्म्यानं जास्त द्यावं लागतं. कंपनीचे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप तिथं अपुरे पडले की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रणात बूस्ट म्हणजे पिस्टनचं मरण. असलं इंधन मॅप बदलल्याशिवाय घालायचं नाही.

माझ्याकडं फुटून आलेली बहुतेक इंजिनं मात्र उलट्या चुकीची आहेत. मॅप १०० ऑक्टेनचा, आणि गोव्यातनं परत येताना तिकडं स्वस्त मिळतं म्हणून साधं पेट्रोल फुल टाकी. वर पाच माणसं, वर चोर्ल्याचा चढ. नॉक सेन्सर काही अंश वाचवतो, सगळं नाही. पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि डिपस्टिकच्या भोकातनं धूर येतो. म्हणून मी मॅप दोन ठेवतो, आणि १०० वाल्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणात लाल टेप चिकटवतो. पंपावरचा पोरगा विचारतो, "हे काय?" तेवढ्यानं मालकाला आठवतं. कोइमतूरच्या करी ट्रॅकला गेलेल्या गाडीची टाकी तर घरी निघायच्या आधी रिकामी करायची, तिथलं उरलेलं तिथंच.

ऑक्टेननं न सुटणारी एक गोष्ट. सहाव्या गियरला पंधराशे आरपीएमवर चढाला पाय दाबला आणि खणकन एकच ठोका आला, तर तो बहुधा ठिणगीच्या आधीच झालेला भडका. छोट्या टर्बो इंजिनांचा हा खास रोग, तेलाचे थेंब आणि तेलातलं कॅल्शियम त्याला कारण असतं. गियर उतरवा आणि एपीआय एसपी दर्जाचं तेल घाला.

साठवणीचं थोडक्यात. परवान्याशिवाय घरी एकूण तीस लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही विकायला नव्हे. घट्ट झाकणाचा धातूचा डबा, पाण्याचा कॅन चालणार नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं की इथेनॉलसकट खाली बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो.

त्या पोरानं रविवारी कणकुंबीहून लॉग पाठवला. चारही सिलिंडर शून्य ते दोन अंश, टाकीत साधं पेट्रोल. खाली लिहिलं होतं, "मामा, सहा बाटल्या उरल्यात, घेतासा काय?"