रविवारी खानापूर रोड टाळायचा तर

पावसाळ्यात चोर्ला घाटाकडनं बेळगावात येणारी सगळी पब्लिक जांबोटी रोडनं पिरनवाडीला येऊन खानापूर रोडला लागते, आणि रविवारी संध्याकाळी उद्यमबागपासनं नुसती रांग, धबधब्याखाली भिजून आलेल्यांचे टॉवेल काचेतनं लोंबतायत. मला जायचं असतं गोवावेसला, क्लच दाबून पाय भरून यायचा. आता आरपीडी क्रॉसच्या आसपास आत वळतो आणि टिळकवाडीच्या वारांच्या नावाच्या पेठांतनं निघतो, अंतर थोडं वाढतं पण गाडी चालत राहते हो. फक्त रेल्वे गेटकडं वळायचं नाही, फाटक पडलं की सगळं मुसळ केरात.

एक मात्र आहे, या गल्ल्या राहत्या लोकांच्या. पोरांचा क्रिकेट चालू असतो, आज्या घराच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या, स्टंप हलवेपर्यंत थांबायचं, हॉर्न अजिबात नाही, सेकंड गियरच्या वर जायचं नाही. मोबाईलचा मॅप हल्ली बाहेरच्या गाड्यांनाही इकडंच वळवतो, त्यातले काही असले सुसाट येतात की आज्या शिव्या घालतात, आणि बरोबरच घालतात. मोठी गाडी असेल तर आत शिरूच नका, दोन्हीकडं पार्किंग असतंय.