मुलांना अश्मयुग शिकवायचंय? चार मीटर दोरी घ्या

पाठ्यपुस्तकात आदिमानवाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन धडे येतात. उरलेलं पुस्तक नगरं, राजे आणि लढायांचं. त्यामुळे मुलांची समजूत अशी होते की माणूस थोडे दिवस गुहेत राहिला, मग त्याला आगीचा शोध लागला, मग शेतीचा, आणि तिथून खरा इतिहास सुरू झाला. पाचवी-सहावीला इतिहास शिकवताना ही समजूत दूर करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग ही नावं मागाहून येऊ देत. आधी तो काळ केवढा होता ते मुलांच्या हाताला कळू दे. पन्नास मुलांचा वर्ग असो की घरात एकटं मूल, खालची पद्धत दोन्हीकडे चालते.

चार मीटर सुती दोरी, कपड्यांचे चिमटे, कागदाच्या पट्ट्या आणि मोजपट्टी एवढंच सामान लागतं. प्रमाण ठरवायचं: १ मिलिमीटर म्हणजे १,००० वर्षं. म्हणजे एका मीटरमध्ये १० लाख वर्षं बसतात. दोरीचं एक टोक म्हणजे ‘आज’, आणि सगळी मोजणी त्या टोकापासून. चिमटे तुम्ही लावू नका. पट्टीवर फक्त ‘किती वर्षांपूर्वी’ ते लिहून द्या, अंतर मुलांनाच काढू द्या. त्यात गणिताचा तास आपोआप होतो.

सुरुवात लांबच्या टोकाकडून करावी. ३६६ सेंटीमीटरवर टांझानियातलं लेटोली. तिथे ज्वालामुखीच्या ओलसर राखेवरून दोन पायांवर चालत गेलेल्यांची पावलं उमटली आणि टिकली. ३३० वर केनियातलं लोमेक्वी, आजवर सापडलेल्यांपैकी सर्वांत जुनी दगडी हत्यारं. ३२० वर ‘ल्यूसी’, माणसाच्या आदिम पूर्वजांच्या कुळातली एक मादी, जिचा सांगाडा १९७४ साली इथिओपियात हाडारला सापडला. इथे थांबा आणि मुलांना विचारा: आधी काय आलं असेल, मोठा मेंदू की दोन पायांवर चालणं? बहुतेक सगळे मेंदू म्हणतात. ल्यूसी दोन पायांवर चालत होती आणि तिचा मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता, हे सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता पसरते. ती घाईने भरून काढू नका.

पुढचे चिमटे भराभर लावले तरी चालतं. १८० वर जॉर्जियातलं द्मानिसी, आफ्रिकेबाहेरच्या माणसाच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक. १७६ वर पहिल्या हातकुऱ्हाडी, म्हणजे मुठीत धरून वापरायची दगडी हत्यारं. १०० वर दक्षिण आफ्रिकेतली वंडरवर्क गुहा, जिच्या आत खोलवर राख आणि जळकी हाडं मिळाली. ३० वर मोरोक्कोतलं जेबेल इऱ्हूद, म्हणजे आपल्या जातीच्या, होमो सेपियनच्या, सर्वांत जुन्या ज्ञात खुणा. ५ वर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेतलं चित्र, ५१ हजार वर्षांहून जुनं. आगीच्या चिमट्यापाशी एक गोष्ट नक्की सांगा: लागलेली आग वापरणं आणि ती जपून ठेवणं वेगळं, हवी तेव्हा पेटवणं वेगळं. ‘आगीचा शोध लागला’ या तीन शब्दांत हा सगळा फरक गडप होतो.

मग शेतीचा चिमटा मुलांच्या हातात द्या. साडेअकरा हजार वर्षं म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. चिमटाच त्यापेक्षा रुंद असतो, तो ‘आज’च्या टोकावर चढून बसतो. लिपी येते साधारण ५ मिलिमीटरवर, तिला चिमटा लावायला जागाच उरत नाही. मला जे सांगायचं असतं त्यातलं निम्मं इथे सांगून होतं.

डायनोसॉर कुठे लावायचा, हा प्रश्न हमखास येतो. ६ कोटी ६० लाख वर्षं म्हणजे याच प्रमाणात ६६ मीटर. मुलांना मैदानावर नेऊन तेवढं अंतर चालायला लावा. माणूस आणि डायनोसॉर एकत्र दाखवणारी कार्टून त्यानंतर मुलं स्वतःच खोडून काढतात.

वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालणाऱ्या आकृत्यांचं चित्र मात्र भिंतीवर लावू नका. एक गेला आणि दुसरा आला, असं ते शिकवतं. प्रत्यक्षात साठेक हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर आपण होतो, निअँडरथल आणि डेनिसोव्हन हे माणसांचे दुसरे गट होते आणि इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर ठेंगणी माणसंही होती. निअँडरथल म्हणजे रानटी आणि मठ्ठ, असं कुणी म्हणालं तर इराकमधल्या शानिदार गुहेतल्या माणसाबद्दल सांगा. त्याचा उजवा हात निकामी होता, डोळ्याजवळ मोठी जखम होऊन गेलेली होती, आणि तरी तो त्यानंतर बरीच वर्षं जगला. सोबत्यांचा आधार असल्याशिवाय हे कसं जमलं असेल, हे मुलांनाच बोलू द्या.

आता हत्यार. खरे दगड वर्गात फोडू नका. गारगोटीसारख्या दगडाची कपची काचेइतकी धारदार निघते आणि डोळ्यात उडते. त्याऐवजी अंघोळीच्या साबणाची वडी आणि बोथट चमचा द्या. थेंबाच्या आकाराची, दोन्ही बाजू सारख्या असलेली हातकुऱ्हाड कोरायला सांगा. दोन नियम पाळायचे: एकदा काढलेला तुकडा परत चिकटवायचा नाही, आणि निघालेला प्रत्येक तुकडा कागदावर जपून ठेवायचा. पाच मिनिटांत मुलांना कळतं की आधी मनात आकार हवा, आणि एक चुकीचा घाव पडला की सगळा बेत बदलतो. शेवटी कागदावरच्या तुकड्यांकडे बोट दाखवून विचारा, हा कचरा का? दगडाचे असे छिलके मांस कापायला, कातडं सोलायला उत्तम. कित्येकदा छिलकाच हवा असायचा, आणि उरलेला गाभा बाजूला टाकला जायचा. इंग्लंडमध्ये बॉक्सग्रोव्हला सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीचे छिलके जिथल्या तिथे मिळाले. ते एकमेकांना जोडून संशोधकांनी घावांचा क्रम लावला. मुलांनाही आपल्या साबणाचे दोन-चार तुकडे पुन्हा बसवून बघू द्या. यात रमणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं, त्याला वेळ द्या.

‘अश्मयुग’ या नावामुळे दगडच डोळ्यांपुढे राहतो, कारण टिकला तो दगड. जर्मनीत शोनिंगनला लाकडी भाले मिळाले, त्यांचं वय दोन ते तीन लाख वर्षं. सोबत घोड्यांची हाडं होती. लाकूड, कातडं, दोर, टोपल्या हे बहुतेक सगळं कुजून गेलं. मुलांना घरातल्या वस्तूंची यादी करायला सांगा आणि कुजणाऱ्या सगळ्या खोडायला लावा. उरलेल्या यादीवरून त्या घराबद्दल काय कळेल, यावर वर्ग छान बोलतो.

शेतीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. ‘कुणीतरी दाणे फेकले, ते उगवले, आणि शेतीचा शोध लागला’ ही गोष्ट सांगू नका. दाणा रुजतो हे रानात फिरून पोट भरणाऱ्यांना चांगलं ठाऊक असणार. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो इथे २३ हजार वर्षांपूर्वीचे लोक रानटी सातू गोळा करून दगडावर वाटत होते. जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले. म्हणजे भाकरी शेतीच्या कितीतरी आधीची. जॅक हार्लन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तुर्कस्तानात गारगोटीच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाभरात सुमारे एक किलो स्वच्छ दाणे निघाले.

मग बदललं काय? बदललं कणीस, म्हणजे गव्हाची ओंबी. रानटी गव्हाची ओंबी पिकली की सांध्यांवर सुटते आणि दाणे जमिनीवर गळतात. रोपाच्या ते सोयीचं. पण एखाद्या रोपात दोष असतो, त्याची ओंबी सुटतच नाही. असं रोप रानात मागे पडतं. माणूस कापणी करतो तेव्हा मात्र तेच घरी येतं.

हे चिठ्ठ्यांनी खेळून दाखवा. टोपलीत वीस चिठ्ठ्या ठेवा: एकोणीसांवर ‘गळकी’, एकीवर ‘धरून’. कापणी करताना प्रत्येक ‘गळकी’साठी नाणं उडवायचं. छापा पडला तर ती घरी, काटा पडला तर दाणे मातीत. ‘धरून’ नेहमी घरी. घरी आलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रमाणात पुन्हा वीस चिठ्ठ्या बनवायच्या आणि पेरायच्या. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत निम्मी टोपली ‘धरून’ होते. असं करा म्हणून कुणीच ठरवलेलं नसतं. खऱ्या शेतात याला हजार-दोन हजार वर्षं, कदाचित त्याहून जास्त लागली, हेही सांगा. लोक ओंबी पुरती पिकायच्या आत कापत, गळलेले दाणे पुन्हा उगवत, त्यामुळे निवड मंदावायची. उत्खननात मिळालेल्या जळक्या दाण्यांच्या बुडाशी हा बदल दिसतो: आपणहून सुटलेल्या रानटी दाण्याची खूण गुळगुळीत, मळणी करून तोडलेल्याची ओरबाडलेली. शक्य असेल तर पिकलेल्या गव्हाची ओंबी आणि एक भिंग वर्गात ठेवा.

शेतीने जगणं लगेच सुखाचं झालं, असं मुलांना वाटू देऊ नका. सीरियातल्या अबू हुरेरा इथल्या बायकांच्या पायांची बोटं, गुडघे आणि कंबरेच्या मणक्यांवर झीज दिसते. रोज तासन्‌तास गुडघे टेकून धान्य दळल्याची ती खूण. एका मुलाला गुडघे टेकून, बोटं मागे मुडपून, पुढे-मागे वाटण्याची हालचाल करायला सांगा. मिनिटभरातच तो उठू का विचारतो.

शेवटी जगाचा नकाशा. मुलं पहिला बाण पश्चिम आशियातून काढतात आणि शेती तिथून सगळीकडे पसरवतात. काही बाण बरोबर आहेत, युरोपात ती तिथूनच गेली. मेक्सिकोकडे जाणारा बाण मात्र खोडायला लावा. तिथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या गवतापासून मका घडला. चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात भात, उत्तरेला पीत नदीकडे राळा, न्यू गिनीत केळी आणि अरवी. यातल्या कुणालाही पश्चिम आशियातल्या गव्हाची खबर नव्हती. नकाशावर या जागांना बाण नको, प्रत्येकीला स्वतंत्र ठिपका द्या.