साखळी ॲक्सलच्या वर नको: जुन्या लहान ट्रॅक्टरनं ओझं ओढताना

पाऊस ओसरला, काढणी तोंडावर आली. आता शेडमधला जुना ट्रॅक्टर बाहेर निघेल आणि त्याच्या जिवापेक्षा मोठं ओझं त्याच्या मागं लागेल. रान वरून सुकलेलं दिसतं, टाच रुतवली की खाली गाळ. ट्रॅक्टर मागं उलटतात ते याच दिवसांत. म्हणून तेलपाण्याच्याही आधी एक गोष्ट: ओझं ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या दांडीलाच अडकवा. मागच्या ॲक्सलच्या वर कुठंही नाही. टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) पिनला नाही, सीटखालच्या ब्रॅकेटला नाही, ॲक्सलला साखळी गुंडाळून तर नाहीच नाही.

मागं उलटलेले चार ट्रॅक्टर मी जवळून पाहिलेत. चारही ठिकाणी साखळी वर होती. एका ठिकाणी ओंडका जागचा हललासुद्धा नव्हता. साखळीचं एक टोक ओंडक्याला, दुसरं टॉप लिंकच्या पिनला, आणि स्टेअरिंग मातीत घुसलेलं. चालवणारा कडेला फेकला गेला म्हणून वाचला. कारण विचारलं तर म्हणाला, ड्रॉबार गवतात अडकत होता म्हणून काढून ठेवला होता.

इंजिन मागची चाकं फिरवतं. चाकं रुतली आणि ओझं हलेना, की तीच ताकद ट्रॅक्टरचं धूड ॲक्सलभोवती फिरवते आणि नाक वर येतं. साखळी खाली असेल तर नाक उचलताच ड्रॉबार जमिनीकडं दबतो आणि उलटवणारा जोर कमी होत जातो. साखळी वर असेल तर ओझंच ट्रॅक्टरला मागं खेचून पाडतं. पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो की तिथून तो परत खाली येत नाही. तेवढ्यात क्लचवर पाय जाईल, हा भरवसा सोडा. १९१७ साली आलेला फोर्डसन या खोडीसाठीच बदनाम होता. पुढं त्याचे मडगार्ड मागं लांब वाढवले, उलटताना टेकायला काहीतरी असावं म्हणून.

ड्रॉबारची उंची पुस्तकात जमिनीपासून १३ ते १७ इंच दिलेली असते. माझं माप सोपं आहे: हुक गुडघ्याच्या वर दिसला की काम बंद.

लिफ्टच्या दोन हातांमध्ये आडवी पट्टी बसवून तिला ओझं जोडणारे जास्त फसतात. फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) सारख्या ट्रॅक्टरला ही पट्टी असते, पण तिच्याबरोबर वर जाऊ न देणारे दोन ताण-दांडेही असतात. ते भंगारात गेलेले असतात आणि पट्टी तेवढी उरते. ओढताना हायड्रोलिकचा लिव्हर चुकून हलला की हुक ॲक्सलच्या वर. दांडे नसतील तर त्या पट्टीला ट्रॉली जोडू नका.

आता दुकानदाराचं ऐका. चाक घसरतंय म्हटलं की तो रुंद टायर, पुढची वजनं, टायरमध्ये भरायचं खास द्रावण, सगळं एका दमात सांगतो. चाक घसरणं हा लहान ट्रॅक्टरचा फ्यूज आहे, हे मात्र तो सांगत नाही. पकड वाढवली आणि साखळी वरच ठेवली, तर ताकद जाणार कुठं? नाक उचलण्यातच. पुढं वजन लावल्यानं नाक उशिरा उठतं हे खरं, पण जुना फ्रंट ॲक्सल किती सोसेल हेही बघा. टायरमध्ये पाणी भरायचंच तर साधं पाणी, व्हॉल्व्ह वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के. एवढं खूप झालं.

घसरण घरीच मोजा. टायरवर खडूची खूण करा, रिकाम्या ट्रॅक्टरनं चाकाचे १० फेरे जाऊ द्या, दोन्ही टोकांना खुंटी ठोका. ओझं लावून तेवढ्याच अंतरात साडेअकरा फेरे झाले तर ठीक. बारा झाले की ओझं उतरवा.

बिनब्रेकच्या ट्रॉलीचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या वर नको आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या खाली, असा नियम छापलेला असतो. तो चांगल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरचा. टीई-२० चं वजन जेमतेम ११०० किलोच्या आसपास, त्यात ब्रेक म्हातारे. मी सपाटीला बरोबरीचं आणि उताराला निम्मं धरतो. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे उतारावर पाच मिनिटांत कळतं. माल ट्रॉलीत किंचित पुढं भरा. मागं भरला तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, फार पुढं भरला तर स्टेअरिंग हलकं लागतं. स्टेअरिंग हलकं लागलं की तिथंच थांबा.

निघण्याआधी:
- ड्रॉबारची पिन, पिनेची क्लिप
- दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीनं एकत्र
- टायरची हवा, चाकाचे नट
- साखळीच्या कड्या. नायलॉनचा दोर नको, तुटला तर गोफणीसारखा येतो
- साखळीच्या लांबीइतक्या अंतरात कुणी नाही
- मडगार्डवर पोरं नाहीत

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. मध्येच क्लच दाबलात की ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते, आणि जुना गिअर धावत्यात पुन्हा पडत नाही.

एका खर्चाला मात्र मी नको म्हणणार नाही: सुरक्षा चौकट, ट्रॅक्टर उलटला तरी चालवणाऱ्याला चिरडू न देणारी. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. आपल्या मॉडेलसाठी तपासून पास झालेली घ्या. वेल्डरकडून नळ्या जोडून घेतलेली वजनाखाली दुमडते. चौकट असेल तर पट्टा बांधा, नसेल तर बांधू नका.

आणि चिखलात बसलातच तर मागच्या चाकाला लाकूड बांधून पुढं काढायला जाऊ नका. लाकूड अडकलं की चाक थांबतं आणि ट्रॅक्टर फिरतो. ट्रॉली सोडा, चाकामागचा गाळ फावड्यानं काढा, रिव्हर्सनं बाहेर या. रिव्हर्समध्ये नाक वर येत नाही, दबतं. मग कोरड्या जागेवरून लांब साखळी लावून ट्रॉली ओढा, ड्रॉबारला. तरी हलली नाही तर अर्धा माल तिथंच उतरवा.