एसडीआर घेतलं, पण सिग्नल दिसेना? या चुका टाळा

सोसायटीच्या गेटचा रिमोट किंवा नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यातले वायरलेस सेन्सर कितपत सुरक्षित आहेत हे तपासायला एसडीआर (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे संगणकाला जोडून रेडिओ सिग्नल बघायचं छोटं यंत्र) आणलं, की पहिली तक्रार ठरलेली: "डोंगल खराब निघालं." दोष बहुधा डोंगलच्या बाहेरच सापडतो.

आधी 101.4 मेगाहर्ट्झवर आकाशवाणी नाशिक लावा. आवाज आला तर डोंगल धड आहे, पुढचं बघू. लिनक्सला आरटीएल-एसडीआर (मुळात टीव्हीसाठी बनलेलं स्वस्त यूएसबी डोंगल) उघडतच नसेल, तर टीव्हीचा ड्रायव्हर ते आधीच धरून बसलेला असतो. त्याला ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो आपोआप सुरू होणार नाही. विंडोजवर झॅडिग या ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रोग्रॅमने विनयूएसबी ड्रायव्हर बसवा.

सगळ्यात फसवी चूक अँटेनाची. घरच्या वाय-फाय राउटरचा अँटेना एसडीआरवर छान फिरतो, घट्टही बसतो. पण राउटरचा कनेक्टर आरपी-एसएमए, एसडीआरचा साधा एसएमए. आटे जुळतात, मधली पिन मात्र दोन्हीकडे नसते, म्हणजे तार जोडलेलीच नाही! अँटेना लावण्याआधी आत डोकावून बघा. शिवाय तो अँटेना 2.4 गिगाहर्ट्झचा. 433.92 मेगाहर्ट्झच्या रिमोटसाठी सुमारे 17 सेंटिमीटरची साधी तार त्याहून बरी.

सिग्नल दिसत नाही म्हणून गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) पूर्ण चढवू नका. रिमोट अँटेनाजवळ दाबला तर रिसीव्हर गुदमरतो आणि एकाच सिग्नलची नसती भुतं स्क्रीनभर दिसतात. गेन उतरवा, रिमोट खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. हॅकआरएफ (सिग्नल घेणारं आणि सोडणारंही एसडीआर) स्क्रीनच्या बरोबर मधोमध जो खांब दाखवतो, तो डीसी स्पाइक, म्हणजे यंत्राचाच दोष, सिग्नल नव्हे. फ्रिक्वेन्सी थोडी बाजूला सरकवा.

हॅकआरएफची केबल थेट दुसऱ्या रिसीव्हरला जोडून प्रसारण कराल, तर रिसीव्हर जळू शकतो. खुद्द हॅकआरएफच्या इनपुटलाही उणे 5 डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप) वर काही चालत नाही. मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर हवाच. हवेत सोडायचं तर त्याहून जपून: परवानामुक्त पट्ट्यांतही शक्तीची मर्यादा असते, आणि आपल्याकडे देवळालीला लष्कर आहे, ओझरला विमानतळ. दुसऱ्याचं गेट तपासायचं तर मालकाची लेखी परवानगी आधी, अँटेना नंतर.

रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा सोडूनही गाडी उघडली नाही, तर हार्डवेअरला दोष देऊ नका. रोलिंग कोडच्या चावीत प्रत्येक दाबाला कोड बदलतो, वापरलेला कोड गाडी घेत नाही. सरावाला फिक्स्ड कोडची, म्हणजे दर वेळी तोच कोड सोडणारी, स्वस्त वायरलेस डोअरबेल घ्या. रोजच्या गाडीची चावी दूर बसून सारखी दाबत राहिलात, तर तीच गाडीशी जुळेनाशी होऊ शकते.