इंदूरहून विमानाचं अंतर आणि वेळ: हिशोब घरच्या घरी कसा लावायचा

शहराचं नाव नको, विमानतळाचा तीन अक्षरी कोड घ्या. इंदूर आयडीआर, पुणे पीएनक्यू, मुंबई बीओएम, पण आता नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय आणि त्याचा कोड एनएमआय, तेव्हा तिकिटावर नेमकं कुठलं छापलंय ते आधीच बघा.

दोन्हीकडचे कोड इंटरनेटवरच्या एखाद्या डिस्टन्स कॅल्क्युलेटरमध्ये टाका. आकडा नॉटिकल माइलमध्ये आला तर 1.852 ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतील.

इंदूर-मुंबई साधारण 505 किमी येतं. लगेच "हे चूक आहे, आम्ही गाडीनं जातो ना" म्हणू नका, एबी रोडनं, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यानं, सेंधवा, धुळे, नाशिक करत गेलात की 580 च्या वर भरतं, विमानाला कुठे बिजासन घाट चढायचाय.

वेळेसाठी किलोमीटरला 800 ने भागा आणि वर अर्धा तास धरा, चढण्या-उतरण्याचा. मुंबईला 1 तास 10 मिनिटं येतील. तिकिटावर थोडं जास्तच दिसेल कारण कंपनी गेटपासून गेटपर्यंतचा वेळ लावते, रनवेच्या रांगेत उभं राहणं पण त्यातच आलं.

इथपर्यंत कुणालाही जमतं. घोळ होतो तो परदेशाच्या तिकिटात, आणि तिथेच भले भले शिकलेले लोक बोटं मोजत बसतात.

तिकिटावर निघायची वेळ निघतो त्या गावची आणि पोचायची वेळ पोचतो त्या गावची असते, म्हणजे ज्या गावात विमान उभं असेल त्या गावच्या घड्याळाची. समजा इंदूरहून सकाळी 10 ला निघून शारजाला दुपारी 12 ला पोचतं. दोन तास? अंतर 2080 किमीच्या आसपास आहे हो, दोन तासांत कसं जाईल! तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे शारजात 12 वाजतात तेव्हा इंदूरच्या राजवाड्यावर दीड वाजलेला असतो, तर लागले साडेतीन तास. येताना उलटं, तिथून दुपारी 1 ला निघून इथे संध्याकाळी 6 ला, दिसतात पाच तास आणि असतात तेच साडेतीन.

आता यावर लोक सल्ला देतात की जाताना मिळवा, येताना वजा करा. हे अजिबात पाठ करू नका! सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, तिथे हा नियम बरोबर उलटा पडतो. त्यापेक्षा दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा, कागदावर, तारखेसकट, आणि मगच वजाबाकी करा. तारीख का, तर दुबईत रात्रीचे 11 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेबारा, आणि घ्यायला येणारा माणूस चुकीच्या दिवशी एअरपोर्टवर जाऊन उभा राहतो.

लंडनला अजून एक भानगड आहे, हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. शिवाय वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात म्हणून दिल्लीहून लंडनला जायला जास्त वेळ लागतो, परत यायला कमी, सूत्राचं उत्तर दोन्हींच्या मधे कुठेतरी पडेल.

दिल्लीला विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा, तिकिटाच्या साइटवरच्या एकूण वेळेत मधलं बसून राहणं पण धरलेलं असतं.